मोड्स सगळे पाठ, पण सोलो वाजतो रियाजासारखा

वाचकाचं पत्र:

दादा, मी मूळची सांगलीची, सध्या पुण्यात नोकरीला. लहानपणी गाणं शिकले, प्रवेशिका पूर्णपर्यंत परीक्षा दिल्या, मग कॉलेजमध्ये गिटार हातात आली आणि ब्लूज-रॉक वाजवत राहिले. दीड वर्षापूर्वी जॅझचं वेड लागलं. यूट्यूबवरून सातही मोड्स (एकाच स्केलचे सूर वेगवेगळ्या सुरापासून सुरू केले की बनणाऱ्या स्केल) पाठ केले, आर्पेजिओ (कॉर्डमधले, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांमधले, सूर एकेक करून) पाठ केले, रोज तासभर तरी बसते. पण बॅकिंग ट्रॅक (साथीचं रेकॉर्डिंग) लावला की मी नुसती स्केल वर-खाली करत राहते. चुकीचा सूर एकही नसतो, तरी ऐकायला रियाज वाटतो, सोलो वाटतच नाही. लाइन बनते तरी कशी? लहानपणी शिकलेलं गाणं इथे कामाचं आहे की ते विसरावं लागेल? घरचे म्हणतात हे आपलं संगीतच नाही, कशाला नादी लागतेस. आणि शेवटचं, माझ्याकडे स्ट्रॅट टाइप, म्हणजे भरीव लाकडाची इलेक्ट्रिक गिटार आहे, जॅझसाठी हॉलोबॉडी (आतून पोकळ) घ्यावीच लागेल का?

उत्तर:

तू पाठ केलेले मोड्स एकदा शेजारी शेजारी ठेवून बघ. जॅझमध्ये सगळ्यात जास्त वेळा भेटणारी कॉर्डची चाल म्हणजे टू-फाइव्ह-वन (स्केलच्या दुसऱ्या, पाचव्या आणि पहिल्या सुरावरच्या कॉर्ड), सीच्या कीमध्ये धरलं तर डी मायनर सेव्हन, मग जी सेव्हन, मग सी मेजर सेव्हन. शिकवतात असं की पहिल्यावर डी डोरियन वाजव, दुसऱ्यावर जी मिक्सोलिडियन, तिसऱ्यावर सी आयोनियन. आता या तिघांतले सूर मोज. तेच सात! सी डी ई एफ जी ए बी. म्हणजे तू मनातल्या मनात तीनदा मोड बदललास तरी ऐकणाऱ्याला काहीच बदललेलं कळत नाही, त्याच्या कानाला तू चार बार (एक बार म्हणजे चार ठोके) एकच सी मेजर स्केल वाजवतेयस. म्हणून चुकीचा सूर नसतो आणि म्हणूनच रियाज वाटतो. मोड तुला फक्त एवढंच सांगतो की कुठले सूर चालतील, कुठला सूर कधी हवा हे तो सांगत नाही, आणि लाइन बनते ती या 'कधी'वरच.

माझं ठाम मत आहे की जॅझची लाइन उलट्या बाजूने बांधायची असते. आधी पुढच्या कॉर्डवर कुठल्या सुरावर उतरायचंय ते ठरवायचं आणि मग तिथपर्यंतचा रस्ता शोधायचा. तू गाणं शिकलीयेस, त्यामुळे तान समेवर आणून सोडायची म्हणजे काय हे तुला वेगळं सांगायला नको, तिहाई कुठे संपणार ते आधी ठरतं आणि सुरू कुठून करायची ते त्यावरून निघतं, अगदी तसंच. फरक इतकाच की इथे प्रत्येक नवी कॉर्ड आली की तिचा पहिला ठोका ही एक छोटी सम असते आणि प्रत्येक समेवर उतरायचा सूर वेगळा असतो. म्हणजे गाणं विसरायचं तर बिलकुल नाही, तोच तुझा सगळ्यात मोठा फायदा आहे, नुसतं गिटार शिकलेल्या मुलांना हे समजावताना माझी फार दमछाक होते.

उतरायचे सूर कोणते? प्रत्येक कॉर्डची थर्ड आणि सेव्हन्थ, म्हणजे कॉर्डच्या मूळ सुरापासून (रूटपासून) मोजलेला तिसरा आणि सातवा सूर. कॉर्ड मायनर आहे, मेजर आहे की डॉमिनंट आहे हे हेच दोन सूर सांगतात, रूट तर बास वाजवतोच. आता गिटार घे आणि फक्त दोन तारा वापर, डी आणि जी. डी तारेचा तिसरा फ्रेट आणि जी तारेचा पाचवा एकत्र वाजव, हे झाले एफ आणि सी, म्हणजे डी मायनर सेव्हनची थर्ड आणि सेव्हन्थ. आता जी तारेवरचं बोट एक फ्रेट मागे, चौथ्यावर, बाकी काही हलवू नकोस. एफ आणि बी, झाली जी सेव्हन. आता डी तारेवरचं बोट एक फ्रेट मागे, दुसऱ्यावर. ई आणि बी, सी मेजर सेव्हन. दर वेळी एकच बोट आणि तेही एकच फ्रेट. हे पहिल्यांदा नीट कळतं ना, तेव्हा अख्खं जॅझ गिटार एकदम जवळचं वाटायला लागतं, निदान मला तरी तसं झालं होतं.

आता हेच सरगममध्ये म्हण, सा म्हणजे सी धरून. जी तारेवर सा, नी, नी. डी तारेवर म, म, ग. एवढंच. फोनवर किंवा लूपरवर (वाजवलेलं पुन्हा पुन्हा ऐकवणाऱ्या यंत्रावर) या तीन कॉर्ड सावकाश रेकॉर्ड कर, पहिल्या दोन एकेक बार आणि शेवटची दोन बार, आणि त्यावर गिटार बाजूला ठेवून नुसतं गा. मग एक प्रयोग कर, तिन्ही कॉर्डवर फक्त मध्यम लावून धर. पहिल्या कॉर्डवर म निवांत बसतो, दुसरी आली की तोच म खाली ओढ घ्यायला लागतो आणि तिसरीवर तर चक्क खुपतो, मग गंधारावर उतरलीस की एकदम मोकळं वाटतं. तानपुऱ्यावर आपल्याला ही सवय नसते कारण तिथे सा हलत नाही आणि म चा सा शी असलेला संबंध कायम राहतो, इथे सूर तोच पण खालची जमीन बदलते. ही ओढ ज्या दिवशी तुझ्या गळ्याला कळेल त्या दिवशी कुठला मोड लावायचा हा प्रश्न तू विचारणारच नाहीस. खरंच सांगतो, पुढचे दोन आठवडे मोड्सना हातही लावू नकोस, फक्त हे कर.

आता रस्ता. एक लाइन पूर्ण उलगडून देतो, सगळ्या आठव्या मात्रा, म्हणजे एका बारमध्ये आठ सूर, दर ठोक्याला दोन. डी मायनर सेव्हनवर डी ई एफ ए सी ई डी सी. जी सेव्हनवर बी डी एफ ए-फ्लॅट जी एफ डी डी-शार्प. आणि सी मेजर सेव्हनच्या पहिल्या ठोक्यावर ई, तिथे थांब. सुरुवात ए तारेच्या पाचव्या फ्रेटवरच्या डीपासून कर म्हणजे सगळं हाताखाली येतं, बी साठी पहिलं बोट जी तारेच्या चौथ्या फ्रेटवर जरा मागे न्यावं लागेल आणि ए-फ्लॅट पहिल्या (सगळ्यात बारीक) तारेच्या चौथ्यावर मिळेल.

वाजवून झालं की जरा खोलात बघ. पहिल्या बारचा शेवटचा सूर सी आणि पुढच्या बारचा पहिला बी, म्हणजे तेच मघाचं सा-नी. पहिला बार तर साधा कॉर्डचा आर्पेजिओच आहे, त्यात ई फक्त जाता जाता येतो. बारच्या चार ठोक्यांवर नेमके काय सूर पडतात तेही बघ, पहिल्या बारमध्ये डी, एफ, सी, डी, दुसऱ्यामध्ये बी, एफ, जी, डी. सगळे त्या त्या कॉर्डमधले. बाहेरचे सूर, तो ए-फ्लॅट आणि डी-शार्प, हे ठोक्यांच्या मधल्या जागेत पडतात, म्हणून खटकत नाहीत, उलट पुढे ढकलतात. आणि शेवटचे चार सूर तर माझे फार लाडके, एफ, डी, डी-शार्प, ई. आधी वरून स्पर्श, मग खालून, मग अगदी शेजारून आणि मग मुक्कामाला. याला एन्क्लोजर म्हणतात, सॅक्सोफोनिस्ट चार्ली पार्करच्या सोलोंमध्ये हे इतक्या वेळा सापडतं की एकदा कानाला ओळख झाली की मोजायचंही सोडून देशील. कोमल धैवत आणि कोमल गंधार लागले तरी बिघडलं काही नाही, कारण उतरायची जागा पक्की आहे. तू चुकीचा सूर टाळायला बघतेयस म्हणून अडकलीयेस, उतरायचं कुठे ते माहीत असेल तर मधे जवळपास कुठलाही सूर चालून जातो.

बेबॉप (१९४० च्या दशकातला वेगवान जॅझ) स्केल म्हणून जे शिकवतात तेही याच हिशोबाचं आहे. जी सेव्हनच्या सात सुरांत एफ-शार्प हा आठवा सूर घालतात, मग जी पासून खाली येताना जी, एफ-शार्प, एफ, ई, डी, सी, बी, ए असं होतं आणि जी, एफ, डी, बी हे कॉर्डचे चारही सूर बरोब्बर ठोक्यावर पडतात. सातच सूर असले तर दुसऱ्या फेरीत सगळं घसरतं. बॅरी हॅरिस नावाचे डेट्रॉइटचे पियानिस्ट होते, २०२१ मध्ये गेले, त्यांनी आयुष्यभर वर्कशॉप घेऊन हाच हिशोब शिकवला, कुठल्या सुरावरून निघालीस तर मधे किती अर्धे सूर घालायचे वगैरे, त्यांचे व्हिडिओ जरूर बघ. पण आत्ता नको, आधी वरची एक लाइन गळ्यातून आणि हातातून सहज यायला लागू दे. मग तीच एफमध्ये, बी-फ्लॅटमध्ये, मग तिचं नुसतं शेपूट ठेवून सुरुवात तुझी, मग सुरुवात ठेवून शेपूट तुझं. एका लाइनच्या पोटातून अशा कितीतरी निघतात आणि त्या तुझ्या असतात.

आता लयीचं, कारण मला शंका आहे की तुझ्या रियाजाच्या आवाजाचं निम्मं कारण इथे आहे. तू ब्लूज-रॉकमधून आलीयेस म्हणजे प्रत्येक सूर पिकने सारख्या जोराने मारत असशील. तसं नको. ठोक्यांच्या मधला सूर पिकने मार आणि ठोक्यावरचा सूर शक्य तिथे हॅमर-ऑन किंवा पुल-ऑफने (पिक न मारता, डाव्या हाताचं बोट तारेवर आपटून किंवा ओढून) घे, जोर आपोआप मधल्या सुरांवर जातो आणि लाइन पुढे झुकते. मेट्रोनोम ५० वर लाव आणि त्याचे टिक म्हणजे दुसरा आणि चौथा ठोका असं मान, म्हणजे प्रत्यक्षात तू १०० वर वाजवतेयस, पहिला ठोका तुझा तुला पकडायचाय. सुरुवातीला वैताग येईल, पण तालाशी तुझी ओळख आहे, जमेल. आणि स्विंग (दोन सुरांतला पहिला लांब, दुसरा छोटा) म्हणून फार लंगडवत वाजवू नकोस, लय वाढेल तसे दोन सूर जवळजवळ सारखेच होत जातात.

आणि श्वास! सॅक्सोफोन वाजवणाऱ्याला थांबावंच लागतं, दम संपतो, गिटारवाल्याला काही संपत नाही म्हणून तो तीन मिनिटं न थांबता वाजवत सुटतो आणि ऐकणारा कंटाळतो. तू गाणारी आहेस, वाजवताना तोंडाने हळू गात जा, श्वास संपला की हातही थांबला पाहिजे. गिटारिस्ट जॉर्ज बेन्सन तर जे वाजवतो तेच सोबत गातो आणि लोक त्यावर जीव टाकतात. दोन बार बोललीस की दोन बार गप्प बस, बॅकिंग ट्रॅक वाजतोय ना, तो वाजू दे. मधे जागा सोडायला धीर लागतो, तो सवयीनेच येतो.

ऐकायचं कोणाला, तर सुरुवात चार्ली ख्रिश्चनपासून कर. ओक्लाहोमा सिटीत वाढलेला मुलगा, १९३९ मध्ये क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनच्या बँडमध्ये आला आणि १९४२ मध्ये क्षयाने गेला, वय २५. एवढ्याशा काळात इलेक्ट्रिक गिटारला सोलो वाद्य म्हणून उभं करून गेला, आणि त्याने कान लावला होता तो लेस्टर यंगच्या सॅक्सोफोनकडे, म्हणून त्याच्या लाइन्स इतक्या बोलतात. शिवाय तो कॉर्डच्या शेपमधून वाजवतो, त्यामुळे तू जे दोन-दोन सूर शिकतेयस त्यांच्याभोवतीच त्याचे सोलो फिरताना दिसतील. इंडियानापोलिसचा वेस मॉन्टगोमेरी विशीच्या आसपास चार्ली ख्रिश्चन ऐकून गिटारकडे वळला, नोटेशन वाचता येत नव्हतं, त्याने रेकॉर्डवरून ख्रिश्चनचे सोलो जसेच्या तसे बसवले आणि तेच वाजवण्यासाठी त्याला क्लबमध्ये काम मिळालं. पुढे संसार मोठा, दिवसा नोकरी, रात्री क्लब असं कित्येक वर्षं चाललं. नोकरी सांभाळून शिकतेयस म्हणून आवर्जून सांगतोय. तिसरा ग्रँट ग्रीन, हा कॉर्ड फारशा वाजवतच नाही, एकेका सुराची स्वच्छ लाइन, उचलायला सगळ्यात सोपा.

पण उचलायचं कसं तेही सांगतो कारण इथे लोक वर्षं घालवतात. अख्खा सोलो नको, चार बार बस. टॅब (कुठल्या तारेवर कुठला फ्रेट ते आकड्यांत लिहिलेलं) शोधू नकोस, टॅब बघून हात शिकतो, कान तसाच राहतो. स्पीड ०.७५ कर, ते चार बार इतक्या वेळा ऐक की भांडी घासतानाही तोंडात येतील, मग गा, मूळ रेकॉर्डिंगसोबत मिसळून गेलं पाहिजे इतकं गा, आणि त्यानंतरच गिटार उचल. मग वही काढून फक्त एवढं लिही की प्रत्येक कॉर्डच्या पहिल्या ठोक्यावर त्याने कुठला सूर ठेवलाय आणि त्या सुराआधीचे दोन सूर कुठले. बाकी विश्लेषण राहिलं तरी चालेल. गुरूंनी तान दिली की आपण ती आधी घोटतो, मग त्यातून आपली सुचते, तेच काम आहे हे, तुला नवीन नाही.

गाणं कुठलं घ्यायचं? 'ऑटम लीव्ह्ज' घे, जगभर जॅझचे विद्यार्थी तिथूनच सुरू करतात आणि त्याला कारण आहे, ३२ बारमध्ये मेजर टू-फाइव्ह-वन आणि त्याच्याच नात्यातली मायनर टू-फाइव्ह-वन आलटून पालटून येतात, दुसरं फारसं काही नाही. बी-फ्लॅट मेजर आणि जी मायनर ही दोन घरं. आधी मूळ चाल वाजव, पाठ कर, गा. मग चाल ठेवून मधल्या रिकाम्या जागांत दोन-चार सूर घाल, मग चालीच्या सुरांकडे जाणारे एन्क्लोजर घाल, हळूहळू चाल झाकली जाईल पण आतून चालूच राहील. सॅक्सोफोनिस्ट ली कोनिट्झ विद्यार्थ्यांना असंच टप्प्याटप्प्याने चालीपासून सोलोकडे न्यायचा. एकाच गाण्यावर तीन महिने काढलेस तरी वाया जात नाहीत, दहा गाणी अर्धवट करण्यापेक्षा हे केव्हाही बरं. रोजच्या तासाचं म्हणशील तर निम्मा वेळ हे गाणं, उरलेल्यात उचललेले चार बार आणि मेट्रोनोम, आणि आठवड्यातून एकदा स्वतःचं रेकॉर्डिंग करून दुसऱ्या दिवशी ऐक, त्याच दिवशी नको.

घरच्यांचं म्हणणं मी मनाला लावून घेणार नाही, तूही घेऊ नकोस, पण त्यांना एक गोष्ट जरूर सांग. मुंबईत जॅझ १९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात वाजत होतं आणि थोड्याच काळात ते वाजवायला आपले गोव्याचे लोक पुढे आले. पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना नोटेशन आणि व्हायोलिन शिकवायचे, ती मुलं मोठी होऊन पोटापाण्यासाठी मुंबईला आली, रात्री हॉटेलात जॅझ आणि दिवसा हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात. ट्रम्पेट वाजवणारे चिक चॉकलेट त्यातलेच. म्हणजे तुझ्या आजी-आजोबांनी रेडिओवर जी सिनेमाची गाणी ऐकली त्यांच्या वाद्यमेळात जॅझ वाजवणाऱ्यांचे हात होतेच. आणि तुझ्या कामाचं नाव म्हणजे अमान्सियो डिसिल्वा, मूळ गोव्याचं घराणं, जन्म मुंबईचा, जॅझ गिटारिस्ट, पुढे लंडनला गेला आणि १९६९ मध्ये 'इंटिग्रेशन' नावाची रेकॉर्ड केली. ती ऐक, त्याच्या लाइन्समध्ये बेबॉपही आहे आणि आपल्याकडची वळणंही आहेत, आणि दोन्ही एकाच हातातून इतक्या सहज येतात की तू विचारलेला 'विसरावं लागेल का' हा प्रश्नच उरत नाही.

राहिली गिटार. अजिबात बदलू नकोस. हॉलोबॉडीचा आवाज गोड असतो हे खरं, पण त्या पैशात तुला वर्षभर कोणाकडे तरी शिकता येईल, आणि ते जास्त गरजेचं आहे. तुझ्या गिटारवर नेक पिकअप (नेकच्या बाजूचा) लाव, टोनचा नॉब निम्म्याच्या खाली आण, अँपवर गेन अगदी कमी. तारा ०.००९ इंचाच्या असतील तर ०.०११ च्या घाल, जमलं तर फ्लॅटवाउंड (सपाट पट्टी गुंडाळलेल्या), बोटं सरकताना होणारा आवाज जातो आणि सूर गोल येतो. फक्त जाड तारा घातल्यावर दुकानातून सेटअप करून घे, नाहीतर नेकला बाक येऊन वरच्या फ्रेट्सवर सूर हलेल. आणि मनात शंका राहिलीच तर कॅनडाचा एड बिकर्ट ऐक, सॅक्सोफोनिस्ट पॉल डेसमंडसोबत वाजवलेलं ऐक, सगळं साध्या सॉलिड बॉडी टेलिकास्टरवर आहे.